चकोरवरचा दिवा

भूपाल चौगुल्यांचा मुलगा ज्या यानात गेला, ते यान चंद्रावर आदळायच्या दिवशी रेवणसिद्ध म्हेत्र्यांनी सांगोल्यातलं आपलं चष्म्याचं दुकान दुपारी तीनलाच बंद केलं आणि घरी येऊन गच्चीवरच्या दुर्बिणीचं कापड काढलं. चौदा इंची आरशाची दुर्बीण होती ती. आरसा त्यांनी स्वतः घासलेला, सात महिने खपून. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणत. चष्म्याचा नंबर काढता काढता हा माणूस गिऱ्हाइकाला शनीच्या कड्यांबद्दल सांगायला लागतो आणि मग नंबर राहतो बाजूला, अशी त्यांची ख्याती होती.

तिकडे साठ-पासष्ट किलोमीटरवर, जतला, चौगुले आपल्या गच्चीवर बारा इंची दुर्बीण लावून बसले होते. वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी एका ग्रहणाच्या वेळी दोघांची गाठ पडली आणि तेव्हापासून आकाश निरभ्र असलं की दोघांचे फोन सुरू. चौगुल्यांचा एकुलता एक श्रेणिक लहानपणी याच दोन गच्च्यांवर वाढला, शिकला, आणि पुढे चंद्राकडे सामान नेणाऱ्या यानांवर वैमानिक झाला.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर माणसं राहायला लागून तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांना लागणारं सामान सोमवाहन मंडळाची यानं पोचवत. ‘चकोर’ हे त्यातलं नवं यान, आणि त्याच्या पहिल्या खेपेला एकटा श्रेणिक बरोबर होता. यान चंद्राभोवती फिरायला लागलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा संपर्क तुटला. शेवटच्या क्षणी आलेल्या आकड्यांत केबिनमधला हवेचा दाब शून्य दिसत होता. मंडळानं दोन दिवस हाका मारल्या, मग जाहीर केलं : केबिन फुटली, हवा निघून गेली, वैमानिकाला काही सेकंदांतच मृत्यू आला.

यान मात्र फिरतच राहिलं. चंद्राच्या पोटातला खडक सगळीकडे सारखा नाही. कुठे जड, कुठे हलका. त्यामुळे त्याची ओढही कमी-जास्त होते आणि कमी उंचीवरून फिरणारं यान सांभाळलं नाही तर फेरीगणिक खाली येत जातं. गणित सोपं होतं. संपर्क तुटल्यापासून सहाव्या दिवशी, भारतात संध्याकाळ असताना, चकोर ताशी सहा हजार किलोमीटरच्या वेगानं चंद्राच्या अंधाऱ्या भागावर आदळणार होतं. मंडळानं जगभरच्या हौशी लोकांना आवाहन केलं : ज्यांच्याकडे दुर्बीण असेल त्यांनी चित्रण करा. त्या धडकेचा लखलखाट आणि उडालेली धूळ पाहून जमिनीखाली किती बर्फ आहे ते कळेल.

“मी करणार,” चौगुले म्हणाले होते.

“भूपाल, कशाला? मी करतो की. तू नको बसू.”

“अरे, माती द्यायला मिळणार नाही, अग्नी द्यायला मिळणार नाही. निदान बघतो तरी.”

पंचमीची कोर होती. कोरीच्या कुशीतला चंद्राचा उरलेला भाग पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात राखेसारखा दिसत होता. धडक तिथेच व्हायची होती. उजळ भागावर झाली असती तर काहीच दिसलं नसतं. दोघांच्या दुर्बिणींना एकसारखे कॅमेरे होते, आणि ते कॅमेरे म्हणजे भंगारातल्या विनाचालक गाड्यांचे डोळे. समोरच्या वस्तूवर आपटून परतलेला प्रकाशाचा कण नि कण मोजायचा, तो नेमका कधी आला ते लिहून ठेवायचं, एवढंच काम हे डोळे करत. गाड्या मोडीत निघाल्या तसे ते सोलापूरच्या भंगार बाजारात मिळायला लागले आणि हौशी लोकांच्या हाती एकदम घबाड लागलं. जे दृश्य माणसाच्या डोळ्याला कधीच दिसलं नसतं ते आता कणाकणानं मोजून, नंतर संगणकावर उभं करता येऊ लागलं.

मात्र एका कॅमेऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. अवकाशातून एखादा भरकटलेला किरण येऊन आदळला तरी कॅमेऱ्यात ठिपका उमटतो. जवळून गेलेला उपग्रहही चमकतो. म्हणून दोन जागा लागत, एकमेकींपासून लांब. दोन्हीकडे त्याच क्षणी, चंद्राच्या त्याच जागी उजेड दिसला तरच तो चंद्रावरचा.

सात वाजून बावीस मिनिटांनी अप्पांच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका उमटला आणि विझला. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. फोन चालूच होता.

“दिसला?” अप्पांनी विचारलं.

“दिसला,” चौगुले म्हणाले. मग त्यांच्या बायकोचा, पद्मावतींचा, हुंदका ऐकू आला.

दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलनं जतहून डिस्क आली. बरोबर चिठ्ठी होती : ‘माझ्यानं हे उघडवत नाही. तुझ्या नोंदीबरोबर लावून घे आणि त्या लोकांना काय पाठवायचं ते पाठव.’

अप्पांनी दोन्ही नोंदी जुळवल्या. लखलखाट दोन्हीकडे अचूक त्याच क्षणी होता. त्यांनी तो मंडळाला पाठवला. आठवडाभर ते चित्र जगभर फिरलं. गिऱ्हाइकं दुकानात येऊन अप्पांबरोबर फोटो काढून घेऊ लागली.

धुळीचं काम राहिलं होतं. त्यासाठी यान ज्या वाटेनं खाली आलं त्या वाटेवरचा आधीचा उजेड मोजून वजा करायला हवा होता. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. अप्पांनी धडकेआधीच्या पाऊण तासाची नोंद लावली आणि संगणकाला आलेख काढायला सांगितलं. आलेख सपाट यायला हवा होता. तो सपाट नव्हता. त्यावर बारीक बारीक खुंट्या उभ्या होत्या. चार खुंट्या, मग मोठी मोकळी जागा. पुन्हा चार. पुन्हा मोकळी जागा.

त्यांना वाटलं, गच्चीवरच्या पाण्याच्या पंपानं वायरीत काहीतरी गडबड केली असेल. त्यांनी जतची डिस्क लावली. जतमध्ये त्यांचा पंप नव्हता. खुंट्या तिथेही होत्या, त्याच जागी, त्याच क्षणी. चार आणि थांबा, चार आणि थांबा. एकूण अकरा वेळा.

अप्पांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि खुर्चीत बसून राहिले.

चकोरच्या नाकाडावर एक झोताचा दिवा होता. दुसऱ्या यानाला जोडताना वाट दाखवण्यासाठी असतो तो. यान संथपणे गिरक्या घेत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दर तीन-चार मिनिटांनी त्याचं नाक पृथ्वीकडे वळत असणार. आणि तेवढ्यात आतून कुणीतरी तो दिवा चार वेळा लावत होतं, विझवत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. महानंदाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“म्हणजे तो जिवंत होता?”

“तसं दिसतंय.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटची चाळीसेक सेकंदं काही नाही. त्याआधीपर्यंत.”

महानंदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “हे तुम्ही पद्मावैनींना सांगणार?”

“काय करू?”

“काही करू नका. झोपेत गेल्यासारखा गेला, असं धरून ती दोघं कशीबशी उभी आहेत. तेवढंही काढून घेताय? पोरगं परत येणार आहे का त्यानं?”

अप्पांनाही तेच वाटत होतं. शिवाय, दिवा आपोआपही लागत-विझत असेल, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. यान बिघडलेलं, एखादा रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, आतल्या आत उघडझाप करत असेल. चौगुल्यांचा फोन आला, “डिस्कमध्ये आणखी काही मिळालं का रे?” तेव्हा ते म्हणाले, “धूळ फारशी उडाली नाही. बाकी काही नाही.” पंचवीस वर्षांत ते या माणसाशी पहिल्यांदा खोटं बोलले.

जतच्या कॉलेजात शोकसभा झाली. मंडळाचे एक मोठे अधिकारी आले होते. भाषणात ते म्हणाले, “आई-वडिलांना मी एवढंच सांगेन, श्रेणिकना काही कळायच्या आत सगळं संपलं होतं. त्यांना यातना झाल्या नाहीत.” चौगुले उठले, माइकपाशी गेले. त्यांना बोलायची सवय नव्हती. हात जोडून म्हणाले, “साहेबांनी हे सांगितलं, लई उपकार झाले. आईला तेवढा आधार.” अप्पा दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी खाली पाहिलं आणि सभा संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

चार दिवसांनी चौकशी समितीतल्या डॉक्टर हेमांगी सबनीसांचा फोन आला. त्यांना धुळीचे आकडे हवे होते. बाई मोकळ्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आमचा अहवाल आता पूर्ण झालाय म्हेत्रेसाहेब. केबिनच्या दाराचं सील कमकुवत निघालं असणार. आता सील बदललं की जूनमध्ये दुसरं चकोर जाईल. सहा माणसं आहेत त्यात.”

“सील बदललं की?” अप्पांच्या तोंडून निघालं. “आणि बाकी सगळं तेच?”

“बाकी कशाला बदलायचं?”

अप्पांनी टेबलावरच्या आलेखाकडे पाहिलं. केबिन फुटली नव्हती. हवेचा दाब शून्य झाला नव्हता. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते काहीतरी तसंच ठेवून सहा माणसं वर जाणार होती.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “समजा, धडकेआधी यानातून कुणीतरी दिवा दाखवत होतं, असं कुणी म्हटलं तर?”

पलीकडे कागद बाजूला सारल्याचा आवाज झाला.

“कुणी म्हणतंय का तसं?”

“समजा.”

“तर मला दोन ठिकाणच्या मूळ नोंदी लागतील. नकला चालणार नाहीत. ज्यानं नोंद घेतली त्याची सही लागेल आणि कॅमेराही तपासायला लागेल. एकाच नोंदीवर समिती फेरविचार करणार नाही. मी स्वतःसुद्धा करणार नाही.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “अहवालावर येत्या शुक्रवारी सह्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा जतच्या एसटीत बसले. मांडीवर संगणकाची पिशवी. दुतर्फा डाळिंबाच्या बागा मागे पडत होत्या. काय बोलायचं ते त्यांनी चार-पाच वेळा मनात जुळवलं आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्याला अडले.

चौगुले दारातच भेटले. मित्राला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “न सांगता आलास? बस, बस. पद्मा, रेवण आलाय.”

पाणी झालं. पद्मावतीबाई चहा ठेवायला वळल्या तशी अप्पांनी त्यांना थांबवलं. “वैनी, चहा नंतर. दोघंही बसा. मला काहीतरी दाखवायचं आहे, आणि ते वाईट आहे.”

त्यांनी आलेख उघडला. हा सांगोल्याचा, हा जतचा, असं दाखवलं. दिव्याचं सांगितलं. तो श्रेणिक होता, असं वाक्य त्यांच्यानं बोलवेना. ते म्हणाले, “भूपाल, तू वायरीतला माणूस आहेस. हा रिले असू शकतो का? आपोआप उघडझाप करणारा?”

चौगुल्यांनी खिशातून चष्मा काढला, अप्पांनीच करून दिलेला. आलेखावर ते वाकले. एक-एक खुंटी बोटानं मोजत गेले. खुंटी मोठी करायला सांगितली. प्रत्येकीची रुंदी विचारली, मधलं अंतर विचारलं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरचा फ्यूज तपासावा तसे त्यांचे प्रश्न होते. अप्पा सेकंदाचे भाग वाचून दाखवत होते.

“रिलेचा ठोका एकसारखा पडतो,” चौगुले म्हणाले. “हा कमी-जास्त आहे. आणि हे बघ. दर वेळी चौथा लांब आहे. चौथ्याला दाबून धरलंय.” त्यांनी चष्मा काढला. “हे बोट आहे.”

पद्मावतीबाईंनी तोंडाला पदर लावला. बाहेर रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

“पण दाब शून्य होता की,” चौगुले स्वतःशीच म्हणाले आणि लगेच थांबले. त्यांचा चेहरा बदलत गेला. “मीटर शून्य दाखवतोय म्हणून लाइन बंद आहे असं धरून जो खांबावर चढतो तो मरतो. पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला हे. मीटरची वायर तुटली तरी काटा शून्यावरच येतो.” त्यांचा आवाज चढला. “दाब मोजणारं यंत्र, रेडिओ आणि इंजिनाची वायर एकाच जोडावर असतील. तो जोड गेला. तिन्ही एकदम गेले. पोरगं आत चांगलं धडधाकट, आणि यांनी वायर तुटलेला मीटर बघून त्याला मेला म्हणून सांगितलं!”

“मलाही तसंच वाटतंय,” अप्पा म्हणाले.

“संपर्क तुटल्यावर पाच दिवस होते. ध्रुवावरच्या तळावर वर येणारं वाहन आहे. आणता आला असता का त्याला?”

अप्पांना याच प्रश्नाची भीती होती. “आला असता की नाही ते मला सांगता येणार नाही. प्रयत्न करता आला असता.”

चौगुले उठले. खिडकीपाशी गेले. पाठमोरेच त्यांनी विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

“डिस्क आल्यावर आठवड्याभरानं.”

“म्हणजे सभेच्या आधी.”

“होय.”

“मी त्या माणसापुढं हात जोडले तेव्हा तुला माहीत होतं.”

“होय, भूपाल. मला वाटलं, तुम्हाला कळू नये. तेवढंच...”

“तुला वाटलं.” चौगुले वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “तुला वाटलं, हा म्हातारा खोट्यावर जगेल. आता का आलास मग?”

अप्पांनी जूनमधल्या यानाचं सांगितलं. सहा माणसांचं. शुक्रवारच्या सह्यांचं. समितीला लागणाऱ्या कॅमेऱ्याचं आणि सहीचं. बोलताना त्यांना कळत होतं की प्रत्येक शब्दानं ते आणखी खोलात जात आहेत. म्हणजे ती सहा माणसं नसती तर आपण आलोच नसतो, हेच ते सांगत होते.

चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले. गच्चीवर त्यांची पावलं वाजली, सामानाची खुडबुड ऐकू आली. दहा मिनिटांनी ते कॅमेरा हातात घेऊन खाली आले, वायरी नीट गुंडाळलेल्या. टेबलापाशी बसून त्यांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : कुठून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या दुर्बिणीतून. खाली आणखी दोन ओळी लिहिल्या, बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून हा प्रकाश हातानं बटण दाबून केलेला आहे असं माझं मत आहे. सही केली. तारीख घातली.

“मूळ डिस्क तुझ्याकडं आहेच. हे दोन्ही घे. त्यांना दे,” ते म्हणाले. “आणि रेवण, परत येऊ नकोस. फोनही करू नकोस.”

अप्पांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. पायांत चपला सरकवताना त्यांना नीट दिसत नव्हतं. पद्मावतीबाई फाटकापर्यंत आल्या.

“उजेड तिथून इथं यायला किती वेळ लागतो, भाऊजी?”

“सव्वा सेकंद.”

“एवढाच?” त्या चंद्र नसलेल्या, दुपारच्या पांढऱ्या आभाळाकडे पाहत राहिल्या. “त्याला माहीत होतं की आम्ही गच्चीवर असणार. दर वेळी असतोच. म्हणून तो करत होता. आणि आम्ही बघत होतो की हो. डोळे लावून तिकडंच बघत होतो, आणि आम्हाला दिसलं नाही.”

त्या आत वळल्या तेव्हा अप्पा फाटक लावून निघाले.

शुक्रवारच्या सह्या झाल्या नाहीत. सबनीसबाईंनी दोन्ही डिस्का समितीपुढे ठेवल्या. मंडळानं आधी नाकारलं, मग कॅमेऱ्यांत खोट काढली, मग एका तज्ज्ञानं रिलेचा मुद्दा मांडला. बाईंनी जतच्या वायरमनचा कागद वाचून दाखवला आणि जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या चकोरमध्ये तो जोड उघडायला लावला. जोड होता. दाबमापक, रेडिओ आणि इंजिन, तिन्हींच्या वायरी एका बोटभर खोक्यातून गेल्या होत्या आणि थंडीत आकसून त्यातली एक पट्टी सुटत होती. जूनचं उड्डाण रद्द झालं. शोकसभेला आलेले अधिकारी राजीनामा देऊन गेले. अहवालात एक वाक्य आलं : वैमानिक संपर्क तुटल्यानंतर किमान पाच दिवस जिवंत होता. ते वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होतं. त्या दिवशी अप्पांनी फोन उचलला, जतचा नंबर काढला, आणि तसाच खाली ठेवला.

महानंदाबाई म्हणाल्या, “तुम्ही बरोबर केलं.” आधी नको म्हणाल्या होत्या, तेही त्यांनी कबूल केलं. पण अप्पांना त्यानं बरं वाटलं नाही. बरोबर केलं खरं, पण अकरा दिवस उशिरा, आणि कारण दुसरंच होतं. ते दुकानात जात, नंबर काढत. शनीच्या कड्यांचं आता कुणाला सांगत नसत.

समितीनं एक नवा नियमही करून ठेवला. माणसं असलेलं प्रत्येक यान चंद्राभोवती फिरताना दर फेरीला झोताचा दिवा तीनदा दाखवील. रेडिओ चालू असला तरी, नसला तरी. आणि तो पाहायला पृथ्वीवर सदैव कुणीतरी असेल. मोठ्या वेधशाळांना एवढा वेळ नव्हता, म्हणून ते काम हौशी लोकांकडे आलं. चंद्र ज्या देशात वर असेल तिथल्या दोन गच्च्या, एकमेकींपासून पन्नास किलोमीटर तरी लांब. पुण्याहून वेळापत्रक येई. सुरुवातीला दोन्ही गच्च्यांनी एकमेकींना फोन करून घड्याळं जुळवायची, शेवटी दिवा दिसला की नाही ते सांगायचं, असा शिरस्ता.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये दुसरं चकोर सहा माणसांना घेऊन निघालं. अप्पांच्या वाट्याला त्या आठवड्यातला मंगळवार आला. वेळापत्रकावर त्यांच्या नावासमोर जोडीची गच्ची लिहिली होती : जत. अप्पांनी तो कागद दोनदा वाचला. जतमध्ये दुसरी दुर्बीण कुणाची असणार?

मंगळवारी सूर्य मावळल्यावर त्यांनी कॅमेरा लावला आणि साडेसातला फोन केला. घंटा बराच वेळ वाजली.

“जत,” पलीकडून आवाज आला. तो पद्मावतीबाईंचा होता.

“वैनी? तुम्ही?”

“मीच. शिकले. जुळत नव्हतं आधी, आता जुळतं.” त्यांनी लगेच कामाचं विचारलं. “सात एकतीस आणि दहा सेकंद म्हणते मी. तुमचं?”

“बरोबर. तेच.” अप्पांनी वेळ वहीत लिहिली. “भूपाल...?”

“खाली आहेत. वर येत नाहीत. तेव्हापासून एकदाही आले नाहीत.” मग जरा थांबून, “कॅमेरा समितीकडून परत आला तेव्हा त्याची वायर त्यांनीच ओढून दिली. दोन दिवस खपत होते.”

नवा प्रोग्राम उजेड मोजता मोजता आवाज करायचा. नुसता राखाडी चंद्र असेल तेव्हा पाण्याच्या बारीक धारेसारखी सळसळ. ती सळसळ दोन्ही गच्च्यांवर चालू होती. पावणेआठला यान चंद्राच्या कडेवरून पुढे आलं असणार. अप्पा पडद्याकडे पाहत होते, पण त्यांचे कान फोनला लागले होते. चार मिनिटं गेली. पाच गेली. पद्मावतीबाईंचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

मग सळसळीतून आवाज एकदम उठला. टक्. टक्. टक्.

“तीन,” अप्पा म्हणाले.

“तीन,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडंही तीन.”

त्यांनी फोन ठेवला नाही. अप्पांनीही ठेवला नाही. तेवढ्यात तिकडे लांबून, जिन्याच्या खालून, एक पुरुषाचा आवाज आला. ओळखीचा होता, आणि वर्षभरात तो थकला होता.

“दिसले का गं?”

“दिसले,” पद्मावतीबाईंनी खाली सांगितलं. “तुम्ही वर या.”

अप्पा कान लावून बसले. बऱ्याच वेळानं जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाऊल वाजलं, मग थोडं थांबून दुसरं.